मुंगीएवढी ओळ

मैत्रेयी, ओजस,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मैत्रेयीने मला शाळेचा गृहपाठ दाखवला. एका कंपनीच्या पगाराचा आलेख. दोन वर्षं, दोन खांब. प्रश्न असा, की कर्मचाऱ्यांचा सरासरी पगार कोणत्या वर्षी जास्त आणि कितीने. "आजी, इतकं सोपं देतात गं आम्हाला," ती म्हणाली. मी फोन बंद केला. रेंज गेली असं मागाहून कळवलं. ते खोटं होतं. अमरावतीत माझ्या घरी रेंज उत्तम असते.

खरं कारण आता लिहिते. मी सहासष्ट वर्षांची आहे. हात अजून कापत नाही, आठवण शाबूत आहे. तुमच्या बाबालाही हे मी कधी सांगितलेलं नाही. माझी पेन्शन दोन वर्षं अडली ती कागदपत्रांच्या घोळामुळे, असंच तो समजतो. तो तुम्हाला हे वाचून दाखवेल तेव्हा त्यालाही कळेल.

मी नोकरीत होते त्या शिक्षणसंस्थेचा स्थापनादिन. मंचावर मी उभी होते. हातात लांब छडी. मागे माणसापेक्षा उंच फ्लेक्स, त्यावर दोन खांब, एक निळा आणि एक केशरी. खाली मराठीत 'गतवर्ष' आणि 'चालू वर्ष'. वर इंग्रजीत मथळा, कारण पाहुणे मोठे होते. पुढे खुर्च्यांवर प्राध्यापक, शिक्षक, कारकून. त्यांच्या मागे सतरंजीवर झाडूवाल्या, आया, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणी. मी छडी केशरी खांबाच्या टोकाला लावली आणि म्हणाले, "आपल्या संस्थेतील कर्मचाऱ्यांचा सरासरी पगार या वर्षी भरीव वाढला आहे."

टाळ्या पडल्या.

सतरंजीवरून शेवंताबाई उठली. मुलींच्या वसतिगृहाचे संडास-बाथरूम धुणारी. माझ्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहणारी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिने हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"मॅडम, मी कोन्त्या खांबात आहो?"

सभागृहात हशा पिकला. मी छडी खाली घेतली. उत्तर मला माहीत होतं. ते मी देणार नव्हते.

भाऊसाहेबांनी माइक ओढून घेतला. हे संस्थेचे अध्यक्ष. वडिलांनी संस्था काढली, यांच्याकडे ती जमिनीसारखी आली. पाहुण्यांशी पुणेरी बोलायचे, सतरंजीशी वऱ्हाडी.

"शेवंते, तू खांबात कायले पायजे व? तू खांबाखाली. खांब मळू नये म्हून तुले ठेवलं."

मोठा हशा. पहिल्या रांगेतला एक प्राध्यापक डोळे पुसत होता. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. माइक अजून सुरू होता.

"काय मॅडम, तुम्ही नाही हसल्या? तुमच्याच मोहल्ल्यातली आहे ना ती? हसा की."

मी हसले.

दात दिसतील असं हसले. शेवंताबाई उभी होती. माझं हसणं पुरतं बघितलं आणि मग खाली बसली.

आता मी कोण होते ते सांगते, म्हणजे हे हसणं कुठून आलं ते कळेल. माझं माहेर नांदगाव खंडेश्वरचं. आजोबांच्या पिढीत आमचं घर बौद्ध झालं. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि मला अमरावतीला शिकायला ठेवलं. संख्याशास्त्रात मी बी.एस्सी. झाले, इंग्रजीतून. राखीव जागेवर या संस्थेच्या कार्यालयात लागले. गुणवत्ता यादीत माझं नाव वर होतं, तरी नियुक्ती राखीव जागेवर दाखवली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये मला एक नाव होतं, 'सरकारची सून'. माझ्यासमोर कोणी म्हणत नसे. मी दारातून आत शिरले की शेवटचा शब्द तेवढा ऐकू यायचा.

भाऊसाहेबांची तऱ्हा वेगळी. ते माझं कौतुक करायचे. मुंबईहून कोणी आलं की मला बोलावून घ्यायचे आणि इंग्रजी पत्र वाचायला लावायचे. "बघा, यांच्यातले लोकही आमच्याकडे कसं फाडफाड इंग्रजी बोलतात." पाहुणे मान डोलवायचे. मी पत्र घडी करून परत द्यायचे, घडीवर घडी बरोबर बसवून. तीस वर्षं. स्थापनादिनाला आलेख मीच वाचायचा हीसुद्धा त्यांचीच रीत. त्याचं कारण त्यांनी एकदा माझ्यादेखत सांगितलं होतं. "तिनं वाचलं की खालच्या लोकांना पटतं. आपल्यातलीच बाई सांगते म्हणतात."

आता आलेखाचं.

सरासरी काढणं सोपं असतं. सगळ्यांचा पगार एकत्र करायचा आणि माणसांच्या संख्येने भागायचं. त्या वर्षी जूनमध्ये संस्थेने एकतीस बायका कंत्राटदाराकडे दिल्या. म्हणजे काय? त्याच बायका, तेच झाडू, तेच संडास, सकाळी सहाची तीच वेळ. फक्त हजेरीपटावरून नावं गेली. पगार कंत्राटदार देऊ लागला, त्यात त्याचा वाटा काढून. हातात पूर्वीपेक्षा कमी पडू लागलं.

वर्ष संपताना, मार्चमध्ये, मी आलेखासाठी आकडे काढत होते. भाऊसाहेबांचा निरोप आला. "यंदा त्या बायकांना धरू नका. त्या आता आपल्या नाहीत."

मी धरलं नाही. सगळ्यांत कमी पगाराच्या एकतीस जणी भागाकाराच्या वरूनही गेल्या आणि खालूनही गेल्या. भागाकार केला. सरासरी वर गेली. कोणाचाही पगार रुपयाने वाढला नव्हता. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा तपासलं, कारण माझी तशी सवय आहे. उत्तर तिन्ही वेळा बरोबर आलं. बरोबर होतं आणि खोटं होतं, दोन्ही.

तरी वाढ डोळ्यांत भरेना. मग भाऊसाहेब फ्लेक्सवाल्याला म्हणाले, "खालून काप." म्हणजे उभी रेघ शून्यापासून सुरू करायची नाही, वरच्या एका आकड्यापासून करायची. खांबांचे पाय कापले की उरलेल्या शेंड्यांतला फरक मोठा दिसतो. केशरी खांब निळ्याच्या दुप्पट दिसू लागला. मी समोर बसले होते. फ्लेक्सवाल्या पोराने मला विचारलंसुद्धा, "मॅडम, चालते ना?" मी मान हलवली.

एक गोष्ट मात्र मी केली होती. फ्लेक्सच्या अगदी तळाशी, अगदी बारीक अक्षरात, मी एक ओळ टाकायला लावली. 'कंत्राटी कर्मचारी वगळून.' ती मी इंग्रजीत टाकली. मथळा इंग्रजीत आहे तर टीपही इंग्रजीत, असं स्वतःला सांगितलं. त्या ओळीवर मी महिनाभर निवांत झोपले. मी खोटं बोललेले नाही. लिहून ठेवलं आहे. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

मुलांनो, व्यवस्थित माणसांचा हा रोग आहे. आम्ही पाप करतो आणि खाली टीप देतो.

त्या कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी मी शेवंताबाईकडे गेले. माफी मागायला, असं मी तेव्हा धरून चालले होते. खरं तर तिच्या नजरेतून सुटका मागायला गेले होते. रोज सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी ती मला दिसायची आणि पूर्वीसारखं "काय व, निघाली का?" म्हणायची नाही.

आमच्याकडे कार्यक्रम झाला की फ्लेक्स कोणी फेकत नाही. झाडणारे घरी नेतात. कुणी टिनावर टाकतं, कुणी गाईच्या गोठ्याला लावतं. शेवंताबाईच्या अंगणात न्हाणीला भिंत नव्हती, रोवलेल्या चार लाकडी बल्ल्या होत्या. त्या बल्ल्यांना माझा आलेख बांधलेला होता. निळा खांब, केशरी खांब. ती त्याच्याआड आंघोळ करत असे.

मी आल्याचं बघून तिने बाज टाकली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसली. मी काही बोलायच्या आधी तीच बोलली.

"हासली काहून?"

"शेवंताबाई, भाऊसाहेब माइकवर..."

"त्याचं सोड. त्याचं तोंडच तसं हाये. मले त्याचा राग नाई आला. कुत्रं भुकलं तं मानूस काय करते? तू काहून हासली?"

ती उठली, न्हाणीकडे गेली आणि फ्लेक्सच्या खालच्या कडेला बोट लावलं. बोटावर साबणाचा पांढरा थर होता.

"हे खाली मुंगीएवढं काय लिवलं? रोज आंघोय करताना डोळ्यासमोर येते. नातीले इचारलं, तिले वाचता नाई आलं."

"इंग्रजी आहे."

"माहित हाये इंग्रजी हाये. काय हाये थे सांग."

मी सांगितलं. कंत्राटी कर्मचारी वगळून. म्हणजे तुम्ही. तुम्हा एकतीस जणींना न धरता हा हिशोब केला आहे.

तिने बोट एका खांबावरून दुसऱ्या खांबावर नेलं. मला वाटलं, समजलं नसेल. मी मास्तरणीसारखी समजवायला लागले, समजा पाच जणी आहेत आणि... तिने हाताने थांबवलं.

"समजलं व. वर्गातल्या बुटक्या पोरी बाहीर उभ्या केल्या, अन् मंग सांगतलं का वर्ग उंच झाला."

संख्याशास्त्राच्या तीन वर्षांत मला हे कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

"अन् हे कोनं लिवलं, मुंगीएवढं?"

"मी."

"तू?"

"हो."

"मंग मराठीत काहून नाई लिवलं?"

बस. एवढंच. ती ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या भाषेसाठी माझ्या बापाने दुसऱ्याच्या शेतात पाठ मोडून घेतली, ती मी कशासाठी वापरली? ज्या बाईचा पगार आलेखातून काढला, तिला ते कळू नये म्हणून. भाऊसाहेब मला पाहुण्यांपुढे नाचवत होते याचा मला राग होता. पण ही ओळ मला कोणी लिहायला सांगितली नव्हती. ती माझी होती.

मी माफी न मागता परत आले. मागायची हिंमत झाली नाही, आणि मागून काय होणार हेही मला दिसलं होतं.

पुढच्या वर्षीचा स्थापनादिन अकोल्याच्या शाखेत होता. माझ्या निवृत्तीला तेव्हा सात महिने उरले होते. पेन्शनचा प्रस्ताव अध्यक्षांच्या सहीनेच पुढे जातो. भाऊसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझी फाईल टेबलावर होती. त्यांनी ती उघडली नाही, फक्त तिच्यावर चष्मा ठेवला.

"आलेख नीट वाचा मॅडम. नीट वाचला की फाईल नीट जाते. आणि मागच्या वेळेसारखं पडलेलं तोंड नको. हसतमुख राहा. तुम्हाला हसणं शोभतं."

"हो साहेब," मी म्हणाले.

घरी येऊन मी ड्रॉइंगचे चार मोठे कागद एकत्र चिकटवले. पट्टी, पेन्सिल, दोन रंगांचे स्केचपेन. उभी रेघ शून्यापासून काढली. प्रत्येक वर्षाला दोन खांब दिले. एक सगळ्यांना धरून, एक एकतीस जणींना सोडून. सगळ्यांना धरलेले खांब काढताना दिसत गेलं. ते उंच होतच नव्हते. कंत्राट आलं त्या वर्षी खांब खाली आला होता, दुसऱ्या वर्षी आणखी खाली. टीप मी वरच लिहिली, मथळ्याच्या जागी, हाताएवढ्या मराठी अक्षरात. 'यात झाडणाऱ्या, धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या एकतीस बायका धरल्या आहेत.' रात्री नाही, भर दुपारी काढलं, दार उघडं ठेवून.

अकोल्याला संस्थेच्या बसमधून आम्ही सगळेच गेलो. झाडणाऱ्या बायका मागच्या सीटवर, कारण मंडप भरलेला दिसायला पाहिजे आणि कार्यक्रमानंतर झाडायलाही माणसं पाहिजेत. माझी गुंडाळी मांडीवर होती. शेवंताबाईने विचारलं, "काय हाये व त्यात?" मी म्हणाले, "खांब." तिने मान फिरवली.

मंचावर गेले. छडी हातात दिली गेली. मी आधी त्यांचा फ्लेक्स वाचला, शब्द न बदलता. कंत्राटाआधीच्या वर्षाचा खांब, या वर्षीचा खांब, हा उंच आहे. भाऊसाहेब खुर्चीत मागे टेकले. टाळ्या पडायला लागल्या.

मी म्हणाले, "हा खांब कशाने उंच झाला ते आता सांगते."

आणि कागद उघडला. एक टोक मी धरलं, दुसरं लोंबत होतं. शिक्षकांपैकी कोणी हात लावायला आलं नाही. मी छडी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी कागद छातीशी ताणून धरला. त्यामुळे मी कागदामागे गेले, फक्त डोकं वर. तशीच बोलले. बेरीज कशी केली, भागलं कितीने, कोणाला सोडलं. कोणाच्या सांगण्यावरून सोडलं. आणि आकडे माझ्या हातांनी काढले हेसुद्धा.

माइक बंद झाला. मी वर्गात शिकवतात त्या आवाजात बोलत राहिले. भाऊसाहेब उठले, हसऱ्या चेहऱ्याने माझ्याजवळ आले, मंडपाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "मॅडमची तब्येत बरी नाही. पाणी द्या त्यांना." आणि मग ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं:

"शेवटी जातीवर गेलीच."

त्या वेळी माझा आवाज माझ्याच कानांना अनोळखी वाटला. तो मागच्या सतरंजीपर्यंत गेला हे मला नंतर कळलं.

"जातीवर मी मागच्या वर्षी गेले होते साहेब. तुम्ही सांगितलं तेव्हा यांना वगळलं. आज भागाकार पुरा करते आहे."

त्यांनी कागद ओढला. तो मधोमध फाटला. अर्धा माझ्या हातात राहिला. मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. तुम्ही सिनेमे बघता, म्हणून मुद्दाम सांगते. कोणी उभं राहिलं नाही. शिक्षक मोबाइलमध्ये बघत होते. एका पाहुण्याने घड्याळ बघितलं. परतीच्या बसमध्ये मला जागा दिली नाही. मी अकोल्याहून एस.टी.ने आले, उभी राहून.

पुढे काय झालं तेही सरळ लिहिते. माझी फाईल गेली नाही. दोन वर्षं पेन्शन आली नाही, मी शिकवण्या घेतल्या. पण तो हिशोब किरकोळ आहे. आठवड्याच्या आत कंत्राटदाराने शेवंताबाईला काढलं. ती अकोल्याला काही बोलली नव्हती. हूं की चूं केलं नव्हतं. पहिल्या वर्षी प्रश्न तिने विचारला होता, आणि भाऊसाहेबांच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं होतं. खांबांची भानगड हिच्यापासून निघाली.

मी तिच्याकडे धावत गेले. ती चुलीपुढे होती. वळली नाही.

"तुही पेन्शन येईन व बाई, आज नाई तं उद्या. तू शिकली हायेस. माहा झाडू गेला."

मी म्हणाले, आपण लढू. शब्द तोंडातून निघाला तेव्हाच मला त्याची लाज वाटली.

"लढजो. पन पहिले मले इचारून लढत जाय. त्या दिशी बसमधी मी इचारलं होतं, काय हाये त्यात. तुनं सांगतलं नाई."

हे खरं होतं. वगळायचं मी सोडलं नव्हतं. भाऊसाहेबांनी तिला आलेखातून वगळलं, मी माझ्या शौर्यातून. तिच्या पोटावर पाय येणार हे तिला न विचारता मी ठरवून टाकलं होतं. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं.

त्यानंतर मी विचारायला शिकले. एकतीस घरांत गेले. प्रत्येकीला आधी सांगितलं, काम जाऊ शकतं, माझ्या हातात तुमचं काम नाही. काहींनी दार लावून घेतलं. एकीने मला अंगणातून हाकललं, "तुह्या नादानं शेवंता गेली." मी त्यांना नावं ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. शेवंताबाई धरून अकरा जणी तयार झाल्या. अंगठे घेतले, सह्या घेतल्या. कामगार कार्यालयात अर्ज दिला, मराठीत. अर्जाचं पहिलं वाक्य शेवंताबाईने सांगितलं, मी फक्त लिहिलं. 'आम्ही तेच काम करतो, त्याच जागी, त्याच वेळी, आम्हाला मोजत नाहीत.' मी त्यात 'सदर' आणि 'उपरोक्त' घालायला निघाले होते. तिने घालू दिलं नाही.

त्या अकरांपैकी तीन जणींनी नंतर नाव मागे घेतलं. एक वारली. सात उरल्या आहेत. शेवंताबाई आता लोकांच्या घरी भांडी घासते, गुडघे धरून चालते. संस्था जोरात आहे. स्थापनादिनाला आलेख दुसरं कोणीतरी वाचतं, म्हणे छान वाचतं. केशरी खांब दरवर्षी वाढतो आहे.

आलेख समोर आला की आधी तळाची ओळ शोधा. नसेल तर विचारा, कोणाला मोजलं नाही. एवढं शिकायला मला आयुष्य लागलं, तुम्हाला लागू नये. मी तुमच्यासाठी आशीर्वाद लिहीत नाही. मला भाऊसाहेबांना माफ करायचं नाही, आणि स्वतःलाही नाही. मरेपर्यंत कोणाच्या सांगण्यावरून हसणार नाही. कोणाला न विचारता त्याच्या नावाने लढणार नाही. आणि गप्पही बसणार नाही.

कामगार कार्यालयातली पुढची तारीख बुधवारी आहे. त्या सात आणि मी, आम्ही आठ जणी जाणार. अर्ज मागे घेतलेला नाही.